मनोऱ्यावांचून निरोप : चालत्या रेडिओजाळ्यांतील वाटाडे

आपल्या खिशांतील मोबाईलविषयीं एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. पंचवटींत उभा असलेला मनुष्य नदीपलीकडे शंभर पावलांवर असलेल्या आपल्या भावाशीं बोलतो, तेव्हां त्याचा आवाज नदी ओलांडून सरळ भावाकडे जात नाहीं. तो प्रथम जवळच्या मनोऱ्याकडे जातो, तेथून कंपनीच्या केंद्राकडे जातो, तेथें त्याची पुढची वाट ठरते, आणि मग दुसऱ्या किंवा कधीं कधीं त्याच मनोऱ्यावरून तो पुनः खालीं उतरतो. दोन्ही यंत्रांत बोलण्याची व ऐकण्याची शक्ति आहे. परंतु ह्या व्यवस्थेंत मध्यस्थावांचून त्यांना एकमेकांस हांक मारतां येत नाहीं. मनोरा जागेवर आहे, त्यास वीज आहे, आणि एका वेळीं फार लोक बोलत नाहींत, तोंपर्यंत सारें सुरळीत चालतें.

व्यवस्था मोडते ती नेमकी गरजेच्या वेळीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; मुंबईंतील मोबाईल ठिकठिकाणीं मुके झाले, आणि कामावर गेलेलीं माणसें कोठें अडकलीं आहेत हें न कळतां असंख्य घरांनीं ती रात्र काढली. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीच्या पुरानें चिपळूण वेढलें, तेव्हांहि तोच प्रकार घडला. पूर नसला तरी गर्दी पुरते. सिंहस्थांत पर्वणीच्या दिवशीं गोदाकाठीं लाखों माणसें उतरतात, बहुतेकांजवळ मोबाईल असतो, आणि मनोऱ्यांवर असा भार पडतो कीं हांकेच्या अंतरावरील माणसास फोन लावणें कठीण व्हावें. २७ ऑगस्ट २००३ ची चेंगराचेंगरी नाशिककरांस नव्यानें सांगावयास नको. गर्दीच्या तोंडाशीं काय घडत आहे हें तिच्या शेपटास दोन मिनिटें आधीं कळणें ह्याची किंमत काय, हें ह्या गांवास त्या दिवसापासून ठाऊक आहे.

ह्यावर एक उपाय असा कीं मनोऱ्याची वाटच पाहूं नये. प्रत्येक यंत्रानें स्वतः बोलावें, स्वतः ऐकावें, आणि दुसऱ्याचा निरोपहि पुढें पोंचवावा. रामकुंडावरच्या स्वयंसेवकाचें बोलणें गाडगे महाराज पुलावरच्या स्वयंसेवकाचें यंत्र ऐकतें व तपोवनाकडे पुढें धाडतें. पुलावरचा हलला तर जवळचा चौथा कोणी त्याची जागा घेतो. अशा जाळ्यास शास्त्रग्रंथांत मोबाईल ॲड हॉक नेटवर्क म्हणतात. आपण त्यास आयत्या वेळचें जाळें म्हणूं.

कल्पना जुनी आहे. हवाई बेटांवरील विद्यापीठांत नॉर्मन अब्रॅमसन ह्यांनीं १९७१ सालीं बेटाबेटांतील संगणकांस रेडिओनें जोडलें. निरोपाचे लहान लहान तुकडे करावयाचे, प्रत्येकावर पत्ता घालावयाचा आणि ते आकाशांत सोडून द्यावयाचे, अशी ती पद्धत. ह्या तुकड्यास आपण पाकीट म्हणूं. तेथें सर्व पाकिटें एकाच मुख्य ठाण्याकडे जात. १९७३ पासून अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशानें सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरांत पुढचे प्रयोग झाले, त्यांत पाकिटें एका यंत्राकडून दुसऱ्याकडे उड्या मारीत जाऊं लागलीं. एक यंत्र तर चालत्या गाडींत बसविलें होतें. हेतु सैनिकी होता, हें उघडच आहे.

खरी अडचण आवाजाची नसून वाटेची आहे. तारेच्या जाळ्यांत वाटा क्वचितच बदलतात. येथें प्रत्येक डाकघर आपल्या पायांनीं चालत असतें. पर्वणीच्या दिवशीं पोलीस घटकेघटकेस रस्ते फिरवितात, तेव्हां जुन्या नाशकांत जन्मलेल्या माणसासहि आपल्या घरीं कोणत्या बोळांतून जावें हें विचारावें लागतें; तशीच ह्या पाकिटांची स्थिति. म्हणून प्रत्येक यंत्रांत एक लहानसा प्रोग्राम असतो. त्याचें काम एकच : आलेलें पाकीट कोणत्या शेजाऱ्याच्या हातीं द्यावें हें ठरविणें. तारेच्या जाळ्यांत हें काम राउटर नांवाची पेटी करते. मी ह्या प्रोग्रामास वाटाड्या म्हणतों. रेडिओयंत्रें ह्या पन्नास वर्षांत सुधारलींच. परंतु आयत्या वेळचीं जाळीं उपयोगीं पडूं लागलीं तीं मुख्यतः वाटाड्या शहाणा झाल्यामुळें, आणि आज मला बोलावयाचें आहे तें त्याच्या शहाणपणाविषयीं.

तारेच्या जाळ्यांतून आलेली साधी रीति अशी. प्रत्येक यंत्र शेजाऱ्यास विचारतें, 'अमुक ठिकाण तुझ्यापासून किती टप्प्यांवर आहे?' आणि उत्तरांत एक मिळवून आपल्या वहींत लिहितें. तपोवन पुलापासून एक टप्पा, म्हणून रामकुंडापासून दोन टप्पे. आतां समजा, तपोवनांतील स्वयंसेवक आडबाजूस गेला आणि त्याचें ऐकूं येईनासें झालें. पुलावरचें यंत्र आपली नोंद खोडतें आणि रामकुंडास विचारतें. रामकुंडाच्या वहींत अद्याप 'दोन टप्पे' असें आहे. तें प्रामाणिकपणें सांगतें, 'मला वाट ठाऊक आहे.' ती वाट पुलावरूनच जात होती, हें मात्र त्या उत्तरांत येत नाहीं. पुलावरचें यंत्र लिहितें तीन. मग रामकुंडावरचें लिहितें चार, पुलावरचें पांच, रामकुंडावरचें सहा. खोटें कोणीच बोलत नाहीं, आणि पाकीट मात्र दोघांमध्यें चेंडूसारखें इकडून तिकडे फिरत राहतें. वाटा जेथें क्षणोक्षणीं मोडतात तेथें ह्या रीतीनें चालणें शक्य नव्हतें.

१९९४ सालीं लंडन येथें भरलेल्या परिषदेंत आय. बी. एम. मधील चार्ल्स पर्किन्स आणि त्या वेळीं मेरीलंड विद्यापीठांत असलेले प्रवीण भागवत ह्यांनीं ह्यावर तोड मांडली. (भागवत हे पुढें बिनतारी जाळ्यांच्या सुरक्षिततेसाठीं निघालेल्या एअरटाइट ह्या कंपनीचे एक संस्थापक झाले, तिचें संशोधनाचें काम पुण्यांत चाले.) त्यांची तोड शाळामास्तरास चटकन् समजेल अशी आहे. मुख्याध्यापकांच्या सूचना शिपाई वर्गावर्गांतून फिरवितो. 'शनिवारीं शाळा भरेल' ही एक सूचना. 'शनिवारीं सुट्टी' ही दुसरी. एखाद्या वर्गावर दोन्ही एकदम आल्या तर कोणती मानावी? शिपायाच्या मुद्रेवरून तें कळत नाहीं; सूचनेवरील क्रमांकावरून कळतें. आणि तो क्रमांक घालण्याचा अधिकार मुख्याध्यापकांचा, शिपायाचा नव्हे.

तसेंच येथें. प्रत्येक ठिकाण स्वतःविषयींच्या बातमीवर स्वतःच क्रमांक घालतें आणि तो नेहमीं सम असतो : १००, १०२, १०४. ज्या बातमीचा क्रमांक मोठा ती ग्राह्य. क्रमांक सारखे असतील तरच कमी टप्प्यांची वाट पत्करावयाची. वाट तुटल्याचें ज्यास प्रथम कळलें त्यास मात्र एक सवलत दिली आहे. जुन्या क्रमांकांत एक मिळवून त्यानें तो विषम करावा आणि 'वाट नाहीं' अशी दवंडी पिटावी. पुलावरचें यंत्र आतां १०४ चे १०५ करतें. रामकुंडाजवळची नोंद १०४ ची, म्हणून ती शिळी ठरते व तिच्यावर कोणी विसंबत नाहीं. तपोवनांतील स्वयंसेवक पुनः टप्प्यांत आला कीं त्याचें यंत्र १०६ क्रमांकाची बातमी देतें, आणि १०५ ची दवंडी आपोआप रद्द होते. ही युक्ति मला फार आवडते, कारण तींत शेजाऱ्याच्या प्रामाणिकपणाची शंका घेतलेली नाहीं. केवळ बातमीचें वय पाहिलें आहे.

तरी तींत एक उणेपणा राहिला. कोणास कांहीं सांगावयाचें असो वा नसो, सर्व यंत्रें सारखीं आपापल्या वह्या एकमेकांस वाचून दाखवीत असतात. आकाश एकच, त्यांत ही बडबड चालली कीं कामाच्या निरोपास जागा उरत नाहीं, आणि बॅटरीहि संपते. म्हणून पर्किन्स ह्यांनींच एलिझाबेथ रॉयर ह्यांच्यासह १९९९ मध्यें उलट मार्ग धरला : गरज पडेपर्यंत गप्प बसावें, आणि निरोप निघाला कीं मगच 'अमक्याची वाट कोणास ठाऊक आहे?' अशी हांक द्यावी. ती हांक हातोहात पुढें जाते; ज्यास वाट ठाऊक असेल तो आल्या मार्गानेंच उत्तर धाडतो. हांक सबंध गांवभर जाऊं नये म्हणून ती आधीं एकदोन टप्प्यांपुरतीच द्यावयाची, उत्तर न आलें तर वर्तुळ वाढवावयाचें. शेजारीं चौकशी करून मग पेठेंत जाणें, हा आपलाहि परिपाठ आहे. त्यापूर्वीं १९९६ मध्यें जॉन्सन व मॉल्ट्झ ह्यांनीं सुचविलेल्या रीतींत तर वाटेवरील सर्व ठाण्यांचीं नांवें पाकिटावरच लिहिलेलीं असत. मग मधल्या कोणास वही ठेवण्याचें कारणच नाहीं.

फ्रान्समधील संशोधकांनीं तिसरी तऱ्हा काढली. तिचे नियम २००३ सालीं प्रसिद्ध झाले. बातमी सर्वांना पोंचली पाहिजे हें खरें, पण ती सर्वांनींच ओरडून सांगितली पाहिजे असें नाहीं. प्रत्येक यंत्र आपल्या शेजाऱ्यांपैकीं थोडे असे निवडतें कीं त्यांच्या द्वारें शेजाऱ्यांच्या सर्व शेजाऱ्यांपर्यंत आवाज जावा. पुढें सांगण्याचें काम त्या निवडक मंडळींचें. बाकीच्यांनीं ऐकून स्वस्थ बसावें. ह्या तीन तऱ्हांत श्रेष्ठ कोणती, असा वाद पुष्कळ झाला. माझ्या मतें तो व्यर्थ आहे. जेथें माणसें क्वचित् बोलतात तेथें हांक मारून शोधणें स्वस्त; जेथें सर्वांचें सारखें चाललेलें असतें तेथें वाटा आधींच तयार असलेल्या बऱ्या.

परंतु ह्या तिन्ही तऱ्हांच्या पोटांत एक समजूत होती, आणि ती प्रत्यक्ष यंत्रें छपरांवर बसविल्यावर उघडी पडली. कमी टप्प्यांची वाट ती चांगली, ही ती समजूत. टप्पे कमी करावयाचे म्हणजे प्रत्येक उडी लांब घ्यावयाची, आणि लांब उडी म्हणजे क्षीण आवाज. समजा, रामकुंडाहून तपोवनास एकच लांब उडी आहे. १०० पाकिटांपैकीं ५० पोंचतात, आणि 'पोंचलें' असें कळविणाऱ्या १०० उत्तरांपैकीं ६० ऐकूं येतात. तेव्हां पाकीट जाणें व पोंच येणें हीं दोन्ही १०० प्रयत्नांत ३० वेळांच साधतात. एका पाकिटामागें सरासरीनें ३.३ प्रयत्न झाले. पुलावरून गेल्यास उड्या दोन, पण प्रत्येकींत १०० पैकीं ९० पाकिटें जातात व ९० पोंची येतात. ८१ वेळां काम साधतें, एका उडीस सुमारें १.२३ प्रयत्न, दोन उड्यांस २.४७. दोन टप्प्यांची वाट एका टप्प्याच्या वाटेहून स्वस्त पडली! मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंतील मंडळींनीं २००३ मध्यें हा हिशेब वाटाड्यास शिकविला. त्यासाठीं प्रत्येक यंत्र दर सेकंदास सुमारें एक लहानशी हाळी देतें, आणि गेल्या दहा सेकंदांत कोणाच्या किती हाळ्या कानीं आल्या हें शेजारी मोजून ठेवतात. एवढ्या साध्या मोजणीनें मिळालेला लाभ मोठा होता.

आपल्या देशांत ह्याचा दाखला धरमशाळेस मिळतो. २००५ सालीं उघड्या जागेंत वाय-फाय वापरण्यावरील परवान्याचें बंधन सरकारनें सैल केलें, आणि त्याच वर्षीं हिमाचलांतील त्या डोंगराळ गांवांत तिबेटी निर्वासितांच्या वस्तींतून असें जाळें उभें राहिलें. दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त राउटरांतील मूळ प्रोग्राम काढून त्यांत नवा वाटाड्या घातला, आणि त्या पेट्या छपरांवर चढविल्या. पाऊस, वीज व माकडें ह्यांच्याशीं त्यांना सामना द्यावा लागला तो निराळाच. बर्लिन शहरांतहि हौशी नागरिकांनीं असेंच जाळें विणलें होतें. तें वाढूं लागलें तेव्हां असें दिसून आलें कीं सबंध शहराचा नकाशा पुनः पुनः मांडतां मांडतां त्या लहान पेट्यांचा जीव दमतो. म्हणून २००६ च्या सुमारास त्यांनीं नवा वाटाड्या लिहावयास घेतला. नांवाचीं आद्याक्षरें जुळवून त्यास बॅटमॅन म्हटलें. त्यास नकाशाच नको. अमक्याची हाळी कोणत्या शेजाऱ्याकडून अधिक वेळां येते एवढेंच तो पाहतो, आणि पाकीट त्या शेजाऱ्याच्या हातीं देतो. २०११ पासून तो लिनक्सच्या गाभ्यांत समाविष्ट आहे. कोणासहि तो फुकट घेतां येतो. त्याच वर्षीं बेबेल नांवाच्या दुसऱ्या एका वाटाड्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांत १९९४ ची ती क्रमांकाची कल्पना अधिक बंदोबस्तानें आलेली आहे.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळतों. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्रा. उदय देसाई, प्रा. मर्चंट आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यांत ॲग्रिसेन्स नांवाचा प्रयोग केला. द्राक्षावर डावणी पडते ती मुख्यत्वें पानें फार वेळ ओलीं राहिल्यानें. ओलावा किती तास टिकला हें कळलें तर फवारणी केव्हां करावी आणि केव्हां वांचवावी हें ठरवितां येतें. म्हणून वेलींमध्यें लहान लहान यंत्रें ठेवलीं. तीं हवेची उष्णता, दमटपणा, जमिनींतील ओल व पानांवरील ओलावा मोजून रेडिओनें मळ्यांतील मुख्य ठाण्यास कळवीत, आणि तेथून ती माहिती मुंबईस जाई. येथें यंत्रें चालत नाहींत हें खरें. परंतु वेल वाढतो, पानें भिजतात, बॅटरी उतरते, आणि काल ऐकूं येणारा शेजारी आज ऐकूं येत नाहीं. वाटाड्याचा प्रश्न तोच.

मळ्यांत मात्र बॅटरी हाच राजा. ह्या लहान यंत्रांत नुसतें ऐकत राहण्यासहि बोलण्याइतकीच वीज लागते, ही गोष्ट पुष्कळांस आश्चर्याची वाटेल. तेव्हां झोंपणें हाच खरा संयम. अशा यंत्रांसाठीं २००४ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांनीं एक नियम काढला, आणि २०१२ मध्यें तो लहान यंत्रांच्या जाळ्यांसाठीं ठरविलेल्या वाटाड्यांत घेतला गेला. मला सांगावयाचें तेंच शेजारी सांगत असेल तर मी बोलूं नये. सारें जुळत असेल तर पुढची पाळी दुप्पट वेळानें घ्यावी, मग चौपट. कांहीं विसंगत ऐकूं आलें कीं मात्र लगेच मूळच्या लहान अवधीवर यावें. शांत दिवशीं असें जाळें जवळजवळ मुकें असतें, आणि कांहीं बिघडतांच जागें होतें.

हें ऐकून कोणी विचारील कीं मग २०१५ नंतरच्या, म्हणजे २०२६-२७ च्या सिंहस्थांत सर्व यात्रेकरूंचे मोबाईल असेच एकमेकांस जोडावे, मनोरे कशास हवेत? ह्याचें उत्तर गणितानें दिलेलें आहे, आणि तें नकारार्थी आहे. पीयूष गुप्ता व पी. आर. कुमार ह्यांनीं २००० सालीं असें सिद्ध केलें कीं ठराविक क्षेत्रांत यंत्रें वाढत गेलीं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास येणारी निरोपशक्ति घटत जाते. यंत्रें शंभरपट झालीं तर ती दहाव्या हिश्शाच्याहि खालीं उतरते. कारण स्पष्ट आहे. एक बोलत असतां आसपासच्यांना गप्प बसावें लागतें, आणि प्रत्येकाचा बहुतेक वेळ दुसऱ्यांचींच पाकिटें वाहण्यांत जातो. कोणताहि वाटाडा ह्या गणितास चकवूं शकत नाहीं. लाखों लोकांच्या गप्पा ह्या जाळ्यांत मावणार नाहींत. परंतु कांहीं शें स्वयंसेवक, पोलीस व रुग्णवाहिका ह्यांचे आंखूड निरोप, जसें 'घाट भरला', 'मागची रांग थांबवा', 'येथें डॉक्टर पाहिजे', ह्यांत सहज मावतील. आणि माझ्या मतें हेंच त्याचें खरें स्थान आहे. मात्र त्याची परीक्षा रिकाम्या घाटावर घेऊं नये. माणसाच्या शरीरांत पाणी फार. वाय-फायच्या लहरी त्यांत शोषल्या जातात. मोकळ्या घाटावर दोनशें मीटर जाणारी उडी दाट गर्दींत अर्धीहि जाईल असें धरूं नये. परीक्षा घ्यावी ती एखाद्या यात्रेच्या दिवशीं, आणि शक्य तर पावसांत.

एक धोका अजून सांगावयाचा राहिला. क्रमांकाची रीति बातमीचें वय ओळखते, पण लबाडी ओळखत नाहीं. एखाद्या यंत्रानें 'सर्व ठिकाणें माझ्यापासून एकाच टप्प्यावर आहेत' अशी खोटी बातमी भल्या मोठ्या क्रमांकानें दिली, तर सारे शेजारी आपलीं पाकिटें विश्वासानें त्याच्याकडे धाडतील, आणि तें तीं गिळून बसेल. पर्वणीच्या दिवशीं अशी एक लबाडी किती महाग पडेल हें सांगावयास नको. ह्यावरील उपाय म्हणजे मुद्रा : प्रत्येक बातमीवर गुप्त किल्लीनें केलेली खूण असावी, आणि ती जुळली नाहीं तर बातमी टाकून द्यावी. २०२१ मध्यें बेबेलचे सुधारलेले नियम निघाले, त्यांच्याबरोबर अशा मुद्रेचे नियमहि प्रसिद्ध झाले. परंतु किल्ली आयत्या वेळीं वांटतां येत नाहीं. ती आधींच प्रत्येक यंत्रांत घातलेली असावी लागते, हरवलेल्या यंत्राची किल्ली बाद करावी लागते. स्वयंसेवकांची यादी, यंत्रांची मोजदाद, किल्ल्यांचें वांटप, हीं कामें पर्वणीच्या कित्येक आठवडे आधीं कोणीतरी टेबलाशीं बसून करावयाचीं आहेत.